अडकलेली पुंगळी

मी एक जुनं पिस्तूल बोलतोय. दचकू नका, आता माझ्यात गोळी नाही. स्प्रिंगसुद्धा काढून घेतलीय.

कारखान्यातून थेट पोलिसांच्या शस्त्रागारात आलो, त्याला बावीस वर्षं झाली. किती कमरांना लटकलो, मोजलं नाही. गोळ्या क्वचितच झाडल्या, गप्पाच जास्त ऐकल्या. कुणाची बदली, कुणाची पाठदुखी, कुणाची मुलगी गणितात कच्ची.

शेवटी एका हवालदारांकडे आलो. माणूस कमी बोलणारा. रोज सकाळी रुमालाच्या कोपऱ्याने मला पुसायचे.

तोवर माझं वय बोलू लागलं होतं. गोळी सुटली की माझा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते, एक छोटा आकडा गोळीची रिकामी पुंगळी पकडून बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली नवी गोळी नळीत ढकलते. माझा आकडा झिजला होता, स्प्रिंग थकली होती. सरावात पुंगळी मध्येच अडकायची.

हवालदार मला मिस्त्रींकडे घेऊन गेले. शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या या म्हाताऱ्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. त्यांनी मॅगझिन बदललं, नळी साफ केली, तेल दिलं. महिन्याभरात पुन्हा तेच. नवी स्प्रिंग मागवली होती, पण आली नव्हती. मग मिस्त्रींनी जुनीच दोन्ही हातांनी ओढून लांब केली आणि बसवली. "चालेल अजून," म्हणाले, आणि नोंदवहीत 'ठीक' लिहून सही केली.

दोन महिन्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात ते घडलं. शाळेतल्या एक बाई साक्ष द्यायला आल्या होत्या. त्यांच्या रक्षणाला हवालदार. प्यायला पाणी कुठे मिळेल, असं बाई विचारत होत्या, तेवढ्यात बाकामागून एक माणूस सुरी घेऊन धावला. हवालदारांनी गोळी झाडली. ती भिंतीत गेली, आणि पुंगळी माझ्या स्लाइडच्या फटीत उभीच्या उभी अडकली. हवालदारांनी मलाच त्याच्या डोक्यात हाणून त्याला खाली पाडलं, पण तोवर बाईंना सुरी लागली होती. तिसऱ्या दिवशी इस्पितळात बाई गेल्या.

हवालदार ऐन वेळी गांगरले, दुसरी गोळी झाडलीच नाही, असं लोक म्हणू लागले. त्यांना निलंबित केलं. ते घराबाहेर पडत नाहीत, असं शस्त्रागारात येणारे सांगत.

तपासणीसाठी मी पुन्हा मिस्त्रींच्या टेबलावर आलो. त्यांनी दहा नकली काडतुसं घालून पाहिली, चार अडकली. मग स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली. नवी आता आली होती. जुनी दोन बोटं आखूड भरली. ती आखूड स्प्रिंग खिशात घातली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता.

त्यांनी अहवाल लिहायला घेतला. संध्याकाळी हवालदारांना बोलावून घेतलं.

"दोष तुमचा नाही," मिस्त्री म्हणाले. "स्प्रिंग मी ओढून बसवली होती. टिकणार नाही हे माहीत होतं. अहवालात तसंच लिहिलंय."

हवालदार रागावले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "मी दुसऱ्यांदा चाप ओढला होता का? बाई ओरडल्या तेवढं आठवतं. पुढचं आठवत नाही."

"ते यावरून कळत नाही. पण ओढला असता तरी गोळी सुटली नसती."

"मला तेवढंच कळायला हवं होतं," हवालदार म्हणाले, आणि उठून गेले.

मी टेबलावर तसाच पडून होतो. मला माहीत होतं, पण सांगू कसं?

हवालदारांना कामावर परत घेतलं. त्यांनी शस्त्र नको म्हणून सांगितलं, आता कागदपत्रांच्या खोलीत बसतात. मिस्त्रींची नोकरी गेली. मी एका पेटीत पडलोय, गळ्यात नंबराची चिठ्ठी. पुढच्या आठवड्यात आम्हा सगळ्या जुन्यांना भट्टीत वितळवणार आहेत.

भट्टीचं मला काही वाटत नाही. जाण्याआधी एकच विनंती. कागदांच्या गठ्ठ्यांत बसलेला, कमी बोलणारा एखादा हवालदार तुम्हाला भेटला, तर त्याला माझा निरोप द्या. पुंगळी अडकल्यावरही चाप त्याने तीनदा ओढला होता. बोट थरथरेपर्यंत ओढला होता. अडलो होतो तो मी.