मुठीतला भंडारा

तात्यासाहेबांनी बूट काढून पायरीखाली ठेवले आणि भंडाऱ्याचं पितळी ताट खंडोबाच्या ओट्यावर सरकवलं. पहिली पाळी सुटून दहा मिनिटं झाली होती. प्रेस शॉपमधले पंधरा-वीस जण घरी जायचं सोडून कंपाउंडाच्या या कोपऱ्यात जमले होते. एका अंगाला सुपरवायझर काकासाहेब, इस्त्रीच्या शर्टात, घड्याळ बघत. दुसऱ्या अंगाला प्रेसवरचा कामगार मुंजाबा. त्याने उजवा हात रुमालाखाली पोटाशी धरला होता. हाताचं बँडेज कालच निघालं होतं.

“आधी कोण?” पूजेचं बघणाऱ्या फकिराने विचारलं.

“काकासाहेब,” तात्यासाहेब म्हणाले. “हुद्द्यानं मोठा हाय तो.”

कंपनी यायच्या आधी या माळावर धनगरांची मेंढरं बसायची. जमीन गेली, मेंढरं गेली, खंडोबा तेवढा कंपाउंडाच्या आत राहिला. मॅनेजमेंटने त्याच्यावर पत्रा टाकून दिला आणि वर्षातून एकदा नारळ फोडायची सोय केली. देवाला कामाला लावलं ते तात्यासाहेबांनी. ते युनियनचे सेक्रेटरी. गारखेड्यातली शेती प्लॉट पडून संपल्यावर पुंडलिकनगरात घर बांधून राहिलेले, आणि भावकीतल्या वाटण्यांपासून मोडायला आलेल्या संसारांपर्यंत समोर येईल ते मिटवत सुटलेले. शॉपमध्ये कुणाची कुणाशी जुंपली की ते दोघांनाही इथे आणत. उजव्या मुठीत भंडारा घ्यायचा, आपलं म्हणणं देवापुढे सांगायचं, मूठ मिटून पाच फेऱ्या घालायच्या आणि मग ती देवावर रिकामी करायची. ज्याला हिंमत होणार नाही किंवा ज्याच्या मुठीतून भंडारा वाटेत सांडेल, तो खोटा. गावाकडे ही रीत जुनीच होती.

पर्सोनेल ऑफिसर पहिल्यांदा हे ऐकून हसला होता. मग त्याच्या ध्यानात आलं की यात वकील लागत नाही, इन्स्पेक्टर येत नाही आणि माणसं निकाल मुकाट मानतात. तेव्हापासून तो फायलीत ‘उभय पक्षांचे समाधान झाले’ असं लिहून मोकळा होई. बारा वर्षांत प्रेस शॉपमधलं एकही भांडण गेटबाहेर गेलं नव्हतं. तात्यासाहेब ही गोष्ट लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत.

आजचं भांडण मात्र शिवीगाळीचं किंवा ओव्हरटाइमच्या पाळीचं नव्हतं. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहायची भीतीच नको. पण एका बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला की ते दाबलेलंच राहतं. मग एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने पत्रा सारायचा. काम दुप्पट निघतं. फेब्रुवारीत अशाच बांधलेल्या बटणाने मुंजाबाच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली.

मुंजाबाचं म्हणणं, ट्यूब काकासाहेबांनी बांधली. काकासाहेबांचं म्हणणं, मुंजाबाने स्वतःच बांधली, लवकर कोटा संपवून बसायला. काकासाहेब खोटे ठरले तर मुंजाबाला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळणार होतं, कायमचं. मुंजाबा खोटा ठरला तर स्वतःचाच निष्काळजीपणा म्हणून तो घरी जाणार होता. लासूर स्टेशनाच्या पुढच्या एका वाडीत त्याची बायको होती, अकरा मेंढरं होती, आणि अर्ध्या हाताचा गडी कुणी रोजाने लावत नाही हे त्याला ठाऊक होतं.

हे सगळं तात्यासाहेबांनाही ठाऊक होतं. त्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. बोटं गेली त्या दिवशी सकाळी चहाला जाताना ते त्याच प्रेसजवळून गेले होते, आणि काकासाहेबांना गुडघ्यावर बसून बटणाला ट्यूब गुंडाळताना त्यांनी बघितलं होतं. काकासाहेब वर बघून हसले होते. दोनच दिवस, तात्या, ऑर्डर अर्जंट हाय, म्हणाले होते. तात्यासाहेब काही न बोलता चहाला गेले. तेव्हा कुणाचं भांडण नव्हतं, आणि भांडण नसताना त्यांना काही बोलायची सवय नव्हती.

आता हे बोलायचं म्हणजे चौकशी, इन्स्पेक्टर, कोर्ट. शिवाय तेव्हा तुम्ही गप्प का बसलात, हा सवाल पहिला त्यांच्यावरच येणार. त्यापेक्षा देव बरा, असं त्यांनी ठरवलं. काकासाहेब घरचे खंडोबाचे, चंपाषष्ठीला तळी उचलणारे. असा माणूस खोटा भंडारा उचलणार नाही, ऐनवेळी त्याचा हात थरथरेल, तो गप्प उभा राहील आणि सगळं आपोआप उजेडात येईल. आपल्याला तोंड उघडायची वेळच येणार नाही. तीन रात्री विचार करून त्यांनी हा मार्ग काढला होता आणि तो त्यांना फार पसंत पडला होता.

काकासाहेब पुढे झाले. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, मूठभर भंडारा घेतला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, की बटण मी बांधलं नाही. मग मूठ छातीशी धरून ते चालू लागले. पहिली फेरी, दुसरी. कपाळावर घाम आला, पण मार्चच्या उन्हात तो सगळ्यांच्याच कपाळावर होता. पाचवी फेरी संपवून त्यांनी मूठ देवावर उघडली. एक कणही वाटेत पडला नव्हता.

तात्यासाहेबांचा हिशेब चुकला होता. पण ताट आता मुंजाबापुढे गेलं होतं.

मुंजाबाने रुमाल काढला. हात उघडा पडला तसे पुढचे दोघे-तिघे मागे सरकले. अंगठा होता, त्याच्याजवळचं बोट होतं, बाकी नुसता तळवा, गुलाबी, टाके पडलेला. बँडेजमध्ये असताना तो हात नुसता मोठा दिसायचा. याची मूठ होणार नाही, हे तात्यासाहेबांच्या आत्ता ध्यानात आलं.

मुंजाबाच्या मनात तसलं काही नव्हतं. त्याने वाकून भंडारा घेतला, ट्यूब सायबांनी बांधली म्हणून देवाला सांगितलं, आणि दोन बोटं तळव्याशी दाबून निघाला. चौथ्या पावलापासूनच त्याच्या मागे पिवळी रेघ पडायला लागली. ती दिसली तसा त्याने डावा हात खाली धरला.

“डावा नाय लावायचा,” फकिरा हळूच म्हणाला. त्यात वाईट हेतू नव्हता. रीत होती, ती त्याने सांगितली.

मुंजाबाने डावा हात काढला. दुसरी फेरी अर्धी झाली तेव्हा तळव्यात काही उरलं नव्हतं. तरीही तो चालत राहिला. पाच फेऱ्या पुऱ्या करून देवासमोर आला आणि त्याने रिकामा हात देवावर धरला. मुंजाबा खंडोबाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग येण्याची तात्यासाहेब वाट बघत होते. राग आला नाही.

“देवानं घेतला नाय,” तो म्हणाला. “माझंच चुकलं आसंल, तात्यासाहेब. मीच बांधली आसंल. हात आत गेला तवाचं मला धड आठवत बी नाय.”

एक वाक्य बोलायचं होतं. मुंजाबा, तुला बोटं नाहीत म्हणून सांडला. इतकंच. खरं सांगणंही नव्हतं ते, नुसतं डोळ्यांना दिसत होतं ते. तात्यासाहेबांनी त्याऐवजी पर्सोनेल ऑफिसरने टाइप करून ठेवलेला कागद पुढे केला. मुंजाबाला उजव्या हाताने सही जमेना. मग डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. कागदाला डावा हात चालला.

सायकल स्टँडपाशी काकासाहेबांनी तात्यासाहेबांना गाठलं. मोटारसायकलला किक मारता मारता ते खालच्या आवाजात म्हणाले, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. देवाचं अन् माझं मी मिटवून घेईन. जेजुरीला जाऊन येतो पुढच्या पौर्णिमेला.”

मुंजाबाला त्याच आठवड्यात कमी केलं. तो दीड महिन्याने एका सकाळी पुंडलिकनगरात तात्यासाहेबांच्या दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा तात्यासाहेबांना वाटलं, आला हिशेब मागायला. पण तो हात जोडून आला होता, जेवढे जुळत होते तेवढे. घरात बायकोशी बिनसलं होतं. तिने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून कोनाड्यात टाकले होते, दिवा लावत नव्हती, नवऱ्याशी बोलत नव्हती. मुंजाबाला उपाशी राहायचं दुःख नव्हतं, पण घरात देव बांधून ठेवलेला त्याला सोसत नव्हता. तुमी एवढ्यांचं मिटवलं, आमचं बी मिटवा, म्हणाला.

तात्यासाहेबांना नाही म्हणता येईना. रविवारी ते स्कूटरवरून लासूर स्टेशनाला आणि तिथून कच्च्या रस्त्याने वाडीवर गेले. मुंजाबाने लिंबाखाली घोंगडी अंथरली. बानाबाई चहा ठेवून दाराच्या चौकटीला टेकून बसली, पदर ओढून. अंगाने वाळलेली, पण नजर सरळ. तात्यासाहेबांनी नेहमीप्रमाणे दुरून सुरुवात केली. पाऊसपाणी, मेंढरं, मग संसार, मग देवाधर्माचं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“ह्यांच्या हातात पाणी बी ऱ्हात नाय,” ती म्हणाली. “भाकर मी मोडून देती, तवा खात्यात. अन् देवानं त्याच हातात भंडारा बघितला? मंग तो देव न्हवं. नायतर हे खोटं. दोनातलं एक आसंल ना काहीतरी?”

“देवाला बोल लावू नको,” मुंजाबा म्हणाला. “मीच खोटा. शंभर डाव सांगितलं तुला.”

“तुमाला नाय इचारत मी.” ती तात्यासाहेबांकडे वळली. “तुमी तिथं व्हते. बटन कुणी बांधलं, ते तुमी डोळ्यानं बघितलं का? व्हय का नाय, एवढंच सांगा.”

तात्यासाहेबांची असल्या वेळची उत्तरं तयार असत. दोघांचंही थोडं चुकतं, थोडं बरोबर असतं. झालं गेलं धरून बसू नये. अशा उत्तरांवर त्यांनी वाटण्या मिटवल्या होत्या, संसार सांधले होते. त्यातलं एकही आज जिभेवर येईना. मुंजाबाचा तो हात घोंगडीवर उताणा पडला होता, आणि त्यांना दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

“बघितलं,” ते म्हणाले. “काकासाहेबांनी बांधलं. माझ्यासमोर.”

बोलून झालं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. मुंजाबाने आता उठावं, शिव्या द्याव्यात, गचांडी धरावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. सोमवारी लेबर ऑफिसात जाऊन हेच लिहून द्यायचं, हेही त्यांनी तेवढ्यात ठरवून टाकलं.

मुंजाबा मान हलवून हसला.

“ऐकलं का?” तो बायकोला म्हणाला. “याला म्हनत्यात मोठा माणूस. आपल्या दोघांचं मिटावं म्हनून सगळं सोत्ताच्या अंगावर घ्यायला निघाले.”

“मुंजाबा, मी खरं सांगतोय.”

“व्हय, व्हय.” तो आजाऱ्याची समजूत काढावी तसं बोलला. “पर देवाच्या म्होरं झालंय ते, तात्यासाहेब. सगळ्या कंपनीनं बघितलं. तुमी खोटं बोलून पाप नका घेऊ आमच्यापायी. च्या घ्या, निवतोय.”

तात्यासाहेबांनी आणखी दोनदा सांगून बघितलं. दिवस सांगितला, वेळ सांगितली, ट्यूबचा रंग सांगितला. मुंजाबा दर वेळी जास्तच गहिवरत गेला. शेवटी त्याने वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

बानाबाई हे सगळं बघत होती. ती उठून आत गेली. कोनाड्यातून काही काढल्याचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा. दारातून समईचा उजेड दिसला तसा मुंजाबाचा चेहरा सैल पडला. त्याने डोळे पुसले. ‘मिटलं,’ म्हणाला.

ती कपबशी न्यायला बाहेर आली. नवरा चपला शोधायला कडेला गेला होता. ती तात्यासाहेबांपुढे वाकली आणि कप उचलता उचलता, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, “आता पुन्हा नका सांगू त्यांना. देव तेवढा ऱ्हायलाय त्यांच्यापाशी.”

मुंजाबा त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला चपला घालून उभा होता.