विजयमालाने दिलेली खात्री

बिभीषण आष्टीकडच्या एका वस्तीवरून सकाळच्या एसटीने बीडला आला आणि दुपार व्हायच्या आत त्याने एका गल्लीच्या तीन फेऱ्या मारल्या. विजयमाला तिच्या शिलाईच्या दुकानातून त्याच्याकडे बघत होती. फॉल-पिकोचं काम घेऊन ती दिवसभर शटरपाशीच बसायची, त्यामुळे गल्लीत कोण आलं, कोण गेलं हे तिच्या नजरेतून सुटत नसे. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, पायात जाड चपला. माणूस कुणाचं घर शोधत नव्हता. तो खांबांवरचे दिवे मोजत होता. हापशापाशी उभा राहून बायका एकट्या येतात की घोळक्याने, ते बघत होता. वाटेतल्या कुत्र्याला त्याने चुचकारलं आणि ते अंगावर येतं की शेपूट हलवतं, हेही पाहून घेतलं.

चौथ्या खेपेला तो दुकानासमोर थांबला.

"ताई, पाणी मिळंल का?"

तिने तांब्या दिला. पाणी पिऊन तो पायरीवर टेकला आणि आपणहून बोलायला लागला. "माजी लेक नर्स झालीय. हितल्या एका खाजगी दवाखान्यात लागली. समोरच्या माडीवरची खोली तिला पसंत पडलीय. म्हणलं, आदी आपण बघून यावं. मेंढरं बसवायच्या आदी आमी रान असंच बघतो. पाणी कुटं, वाट कुटं, लांडगा कुटनं यील." तो ओशाळून हसला. "पर शेराचं मला काय कळतंय? म्हणून तुमाला इचारतो. जागा बरी हाय ना?"

समोरची माडी हनुमानची, म्हणजे विजयमालाच्या थोरल्या दिराची. हे तिने त्याला सांगितलं नाही.

"बरी हाय की," ती म्हणाली.

"तसं न्हाई, ताई. खरं सांगा. तुमची लेक असती तर एकटी ठिवली असती का तिथं?"

समोरच्या ओट्यावर तिची जाऊ सुनिता तूर निवडत बसली होती. तिचे हात चालू होते, पण मान वर झाली होती. विजयमालाला लेक होती. उज्ज्वला. आता ती लग्न होऊन केजला नांदत होती. पण वयात आल्यापासून विजयमालाने तिला त्या माडीवर कधी पापड वाळवायलासुद्धा एकटं जाऊ दिलं नव्हतं. काहीतरी निमित्त काढून दर वेळी ती स्वतः मागोमाग जिना चढायची. त्याचं कारण तिने लेकीला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, आणि स्वतःशीसुद्धा धड शब्दांत मांडलं नव्हतं. शिवाय दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत राहणारी स्वप्नाली नावाची मुलगी तिच्यासमोर बसून रडली होती. "काकू, मी नसले की काका कुलूप उघडून खोलीत येतात. माझे कपडे इकडचे तिकडे झालेले असतात." महिन्याभरात ती मुलगी खोली सोडून गेली.

"ठिवली असती," विजयमाला म्हणाली. "आमी हावोत ना हितं. बिनघोर ऱ्हावा."

बिभीषणच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने दोन्ही हात जोडले. "आता माजी काळजी मिटली. गड्यामाणसांनी सांगितलं असतं तर इस्वास बसला नसता. बाईनं सांगितलं, मंग झालं."

तो गेल्यावर सुनिताने ओट्यावरूनच हाक मारली, "चहा टाकते, ये गं." विजयमाला गेली आणि तिने चहा घेतला. तिचं दुकान हनुमानच्या नावावर होतं, घर एकाच आवारात होतं, नवरा राधाकिशन भावाच्या शब्दाबाहेर नव्हता. ती मनाशी म्हणाली, नसेल होत काही. माणूस आता साठीला आला.

बिभीषणची लेक सायली राहायला आली. बोलकी, चटपटीत पोर. ड्रेसची बाही उसवली तरी काकूंकडे, डबा यायला उशीर झाला तरी काकूंकडे. सुटीला गावाकडून आली की हरभऱ्याचा हिरवा डहाळा घेऊन यायची आणि दुकानात बसून सोलायची. ती जितकी जवळ यायला लागली, तितकी विजयमाला मशीनवर खाली मान घालून काम करायला लागली.

दुसऱ्या महिन्यात एकदा सायलीने विचारलं, "काकू, माझ्या खोलीची दुसरी चावी कुणाकडे असते?"

"कावून गं?"

"काल आले तर पलंगावरची चादर वेगळी वाटली. मला भास झाला असेल."

मशीनचं चाक थांबलं होतं. सांगायचं असतं तर ती वेळ होती. "चावी कुणाकडं न्हाई," विजयमाला म्हणाली. "पर आतनं कडी लावत जा, बाई."

सायली मान डोलावून गेली.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, माडीवरून किंकाळी ऐकू आली. विजयमाला कात्री टाकून धावली. सायली रात्रपाळी करून झोपली होती. त्या दाराची कडी जुनी, ढिली. कुलूप चावीने उघडून जरा जोर लावला की ती निघायची, आणि हे घरच्या माणसालाच ठाऊक होतं. दारात हनुमान उभा होता, चावी अजून हातात. सायली भिंतीला लागून उभी होती, चादर गच्च लपेटून.

"टाकी गळतीय का बघाय आलतो," हनुमान जमलेल्या लोकांना सांगत होता. "आवाज दिला, हिनं ऐकला न्हाई."

"दिलता आवाज," मागून सुनिता म्हणाली. "मी ऐकला. उगा बोभाटा करायलीय पोरगी."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. सायली मात्र विजयमालाकडे बघत होती. "काकू, मी तुम्हाला चावीचं विचारलं होतं."

तेवढंच. "आदी खाली चल, पाणी पी," असं काहीतरी विजयमाला पुटपुटली. सायलीने तिचा हात झटकला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषण आला. या वेळी त्याने गल्लीकडे पाहिलं नाही. लेकीची पेटी, गादी, शेगडी खाली आणून ठेवली आणि मग तो दुकानाच्या पायरीपाशी आला.

"ताई, तुमाला ठावं होतं का?"

नाही म्हटलं असतं तरी त्याने मानलं असतं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तिने नाही म्हणावं असंच त्याला वाटत असावं.

"होतं," ती म्हणाली. "ते माजे थोरले दीर हायत. आदीच्या पोरीनं मला सांगितलं होतं."

बिभीषण पायरीवर बसला. तो टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"मंग मी इचारायला पायजे होतं तरी कुणाला?" तो म्हणाला.

तो टोमणा नव्हता. त्या माणसाला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

सायली मागे येऊन उभी राहिली. "मला तक्रार द्यायची आहे. आबा नको म्हणतायत."

"पोरी, तुजं नाव व्हईल," बिभीषण म्हणाला.

"त्यांचं होऊ द्या की." ती विजयमालाकडे वळली. "तुम्ही येता का? आता जे सांगितलं तेच तिथं सांगायचं."

विजयमालाने शटर ओढलं. समोरून सुनिता ओरडली, "कुटं चाललीस गं?" ती थांबली नाही.

ठाण्यात एका बाई हवालदाराने तिचा जबाब घेतला. नाव, वय, नातं. मग विचारलं, "आधीच्या मुलीने तुम्हाला कधी सांगितलं?"

"दोन वर्सांखाली. गणपतीत."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय न्हाई. तिला म्हणलं, कडी लावत जा."

"आणि या मुलीला?"

शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते. "हिला पण तेच म्हणलं."

हवालदार बाई लिहीत राहिल्या. शेवटी रिवाजाप्रमाणे त्यांनी सगळा जबाब मोठ्याने वाचून दाखवला. मुलीच्या वडिलांनी विचारले असता जागा सुरक्षित असल्याचे मी त्यांना सांगितले. त्यावेळी मला पूर्वीचा प्रकार माहीत होता. सरकारी भाषेत, एकेक वाक्य सुटं. बिभीषणने टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तो जमिनीकडे बघत होता, जणू त्यालाच कुणीतरी पकडून आणलं होतं.

"बरोबर आहे का?" बाईंनी विचारलं.

"बरोबर हाय," म्हणून तिने सही केली.

गुन्हा दाखल झाला. हनुमानला पोलीस घेऊन गेले. पुढे तो जामिनावर सुटून आला आणि केस कोर्टात गेली. सायलीने नोकरी सोडली नाही. दवाखान्यामागे दोन नर्स एकत्र राहत होत्या, त्यांच्यात ती राहायला गेली. ती विजयमालाला भेटायला आली नाही, आणि यावं अशी अपेक्षा धरायला विजयमालाला तोंड नव्हतं. सुनिताने दुकान रिकामं करायला लावलं. मशीन स्वयंपाकघरात आलं, ओट्याच्या कडेला.

राधाकिशन आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "दोन वर्सं गप होतीस ना? मंग आताच कावून घराचं धिंडवडं काढलंस?" भावाची बाजू घेऊन तो बोलत होता, पण त्यात एक खरा प्रश्न होता. दोन वर्षं का गप होतीस. ती भाकरी थापत राहिली.

गल्लीतल्या रुक्मिणीबाई एका दुपारी ब्लाउज शिवायला द्यायच्या निमित्ताने मागच्या दाराने आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काही म्हण, लई धाडस केलंस. आमाला सगळ्यांनाच कुणकुण होती, पर बोललं कोण?"

विजयमालाने ब्लाउज घेतला, मापाचा दुसरा कुठे आहे विचारलं, मोजायची पट्टी शोधली. मग तिला राहवलं नाही.

"धाडस म्हणू नका, बाई. त्या माणसानं माज्याकडं बघून पोरीला हितं ठिवलं. म्या त्याला तोंडावर खोटं सांगितलं. लोकांत बोलताल तवा ते पण सांगत जावा."

रुक्मिणीबाई गडबडल्या. "जाऊ दे गं आता," म्हणत त्यांनी पदर सावरला आणि आल्या तशा मागच्या दाराने निघून गेल्या. विजयमाला पट्टी हातात धरून तशीच उभी राहिली. बाही किती ठेवायची, हे विचारायचं राहून गेलं होतं.