एका बाहीपुरती वीज

"शिलाई मशीन? ते दिवसभर चालतं," काकांनी ठामपणे सांगितलं.

सोलरवाल्या मुलीने मोबाइलवर हिशोब मांडला. शंभर वॅटची मोटर, दिवसाचे आठ तास. उत्तर पाहून तिने ओठ मुडपले.

बसचं स्टिअरिंग सोडून काका घरी बसले, तेव्हापासून त्यांना वस्तीबाहेरच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर राहायला जायचे वेध लागले होते. खोली बांधून झाली होती. विजेचा शेवटचा खांब मात्र बराच अलीकडे थांबला होता. छतावर दोनच पॅनल मावत होती आणि सगळा संसार तेवढ्यात बसवायचा होता.

"दिवे, पंखा, टीव्ही बसतील. मशीन नाही बसत, काकू. आणि इस्त्रीचं तर नावच काढू नका, ती एकटीच सगळं पिऊन टाकेल."

"इस्त्री कोळशाची आहे माझी." काकूंनी हातातला ब्लाउज खाली ठेवला नाही. "मशीन नाही, तर मीही नाही. तुम्ही जा टीव्ही घेऊन."

"अगं, आता किती शिवशील? डोळे बघ जरा."

"डोळे माझे, दोरा माझा. तुमच्या का पोटात दुखतंय?"

मुलगी गडबडली. लग्न व्हायचं होतं तिचं, त्यामुळे तिला हे भांडण वाटलं. तिने घाईघाईने बॅगेतून वीज मोजायचे दोन मीटर काढले. एक मशीनच्या प्लगला लावला, दुसरा टीव्हीच्या.

"टीव्हीला कशाला? मी बातम्यांपुरता लावतो."

"असू दे, काका. उद्या येते. काकू, रोजच्यासारखंच काम करा."

दुसऱ्या दिवशी काका मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. पाठीमागे टीव्ही बोलत होता. काकूंनी कापड बेतलं, कापलं, कच्चे टाके घातले. मशीन घुर्र करून गप्प झालं.

"का गं थांबलीस?"

"उसवायचंय."

मग हुक, काज, हातशिलाई. पुन्हा घुर्र. पुन्हा गप्प. काकांना डुलकी लागली.

संध्याकाळी मुलीने मीटर वाचले. "मशीन जेमतेम तासभर चाललंय. टीव्ही सकाळपासून."

"मीटर बिघडलाय तुझा. मी रोज आवाज ऐकतो!"

"पाय दाबला तरच मोटर वीज घेते, काका. बाकीचं हाताचं काम."

"एवढं सगळं हातानं?"

"मग काय, काजं पायानं करू?" काकू म्हणाल्या.

इतकी वर्षं काकांना वाटत होतं, शिवतं ते मशीन. ते बायकोच्या बोटांकडे बघत राहिले. तर्जनीचं टोक सुईने खरखरीत झालं होतं.

"बसेल मशीन," मुलगी म्हणाली. "टीव्ही जरा आवरा."

नव्या खोलीत महिना झाला आणि आभाळ भरून आलं, ते हटेना. बॅटरीचा लाल दिवा लागला तेव्हा मॅच अगदी रंगात आली होती.

"किती राहिलंय गं?"

"एक बाही. ब्लाउज उद्या घालायचाय गिऱ्हाइकाला."

काकांनी टीव्ही बंद केला. मग पंखाही. मशीनपाशी स्टूल ओढून ते वर्तमानपत्राने वारा घालू लागले. मोटर घुरघुरली. काकूंनी वर न बघताच म्हटलं, "हळू. कापड उडतंय."