पाच रिकाम्या बाटल्या
संध्या बसवकल्याणहून झेरॉक्स काढून कोहिनूरला गावी परतली, शिडीनं माळवदावर चढली आणि तिचं डोकंच फिरलं. आठ डब्यांतल्या मिरचीच्या रोपांवरची फिकट पानं एकूण एक खुडलेली. शिवाय बुडाशी चुलीतली राखही टाकलेली.

"माय, पानं कुणी तोडली?"

"मीच की," शोभाबाई खालून म्हणाली. "रोगट व्हती. शेळीला टाकली."

रोगट म्हणे. तुराट्यांच्या सावलीत महिनाभर वाढवलेली रोपं संध्यानं मुद्दाम एकदम चैत्राच्या उन्हात ठेवली होती. कडक उन्हानं पानातले हिरवे कण बिघडतात, मग पान त्यांचं काय करतं, हाच तर तिचा एमएस्सीचा प्रकल्प. रोज एक पान ते टिकवणाऱ्या औषधाच्या बाटलीत बुडवायचं आणि आठ दिवसांच्या आठ बाटल्या गुलबर्ग्याला विद्यापीठात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. तीनच भरल्या होत्या. सोमवारी प्रकल्प द्यायचा, आणि सरांनी मुदत आधीच एकदा वाढवलेली. आता नवी रोपं काय आभाळातून पडणार? सगळं वर्ष पाण्यात गेलं.

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"सांगायला कशाला लागतंय? खुरपण्यात जलम गेला माझा. खराब पान ठेवलं की झाड जातंय."

"अगं, पान स्वतःच खराब झालेलं आतल्या आत काढतंय," संध्या करवादली. पुढं सांगायला गेली तर शब्दच सापडेनात. सगळं इंग्रजीत पाठ केलेलं. तीनदा अडखळली, स्वतःवरच चिडली. शेवटी म्हणाली, "पानात बारीक बारीक खोल्या असत्यात. एकेका खोलीत पन्नासेक हिरवे कण. त्यातला जो बिघडला त्याच्यावर खूण पडती. मग खोली त्याला एका पिशवीत वढती, विरघळवती, अन् त्याचाच माल नव्याला वापरती. बाकीच्याला धक्का न्हाई. पान वाचतंय."

शोभाबाई शिडी चढून वर आली होती. पदराला हात पुसत ती ऐकत होती.

"म्हंजे कोणता काढायचा, कोणता ठेवायचा, ते त्या खोलीला ठावं असतंय."

"व्हय."

"अन् मला? बी टाकल्यापासून पाणी मीच घालायलेय. धा डाव इचारलं, हे काय करायलीस बाय. तू म्हणलीस, तुला न्हाई कळायचं."

संध्याला आठवलं. म्हणाली होती, तेही एकदा नाही. आईवरचा राग आता कुठं न्यावा हेच तिला कळेना.

"कळलं की मला समदं," शोभाबाई म्हणाली आणि शिडी उतरू लागली.

संध्या पाच रिकाम्या बाटल्या एकेक करून पिशवीत भरत बसली.