पॅसेजमधले एकतीस अंश

२०१७ सालचा जून महिना, म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा. रिव्हर्टनच्या टेकडीवरच्या घरात ऊना कॅल्डर पॅसेजमधल्या बॅरोमीटरला पाठ लावून उभी होती, आणि विरेमू कानामागे पेन्सिल खोचून ती बाजूला होण्याची वाट बघत होता.

“हा इथून हलायचा नाही,” ती म्हणाली.

“मावशी, थर्मोस्टॅटला हीच जागा लागते. घराच्या मधोमध, ऊन नाही, दाराचा वारा नाही.”

“म्हणूनच अ‍ॅलेकने बॅरोमीटर इथे लावला होता.”

लहानपणी विरेमू दर वर्षी ऊनाच्या नवऱ्याच्या, अ‍ॅलेक कॅल्डरच्या बोटीतून बेटांवर जायचा, आणि या बॅरोमीटरचा काटा बघितल्याशिवाय अ‍ॅलेकने कधी बोटीचा दोर सोडला नव्हता. शेवटी तह झाला. बॅरोमीटर खिळ्यासकट वीतभर वर सरकला आणि त्याच्याखाली थर्मोस्टॅट बसला. पांढरा, गुळगुळीत, साबणाच्या वडीएवढा.

खरं तर हे काम एप्रिलमध्येच व्हायचं होतं. पण एप्रिल-मेमध्ये रिव्हर्टनात कुणाचा नळ गळला तरी लोक खाली बादली लावून गप्प बसतात, कारण हत्यारं धरणारे निम्मे हात दक्षिणेच्या बेटांवर तीती पक्षी धरायला गेलेले असतात. विरेमूही गेला होता. परत आला तो खारवलेल्या तीतींची बादली घेऊनच. अ‍ॅलेक जाऊन बारा वर्षं झाली तरी बोटवाल्याचा वाटा त्याच्या घरी पोचत होता.

घाई ऊनाला नव्हती, तिच्या एकुलत्या एक मुलाला, लॅचीला होती. आदल्या हिवाळ्यात छातीत कफ भरून ऊनाला इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, घर अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये. लॅची ब्रिस्बेनहून धावत आला आणि स्वयंपाकघराबाहेरच्या खोल्यांत त्याला स्वतःच्या श्वासाची वाफ दिसली. जाताना त्याने स्पष्टच सांगितलं. घरभर ऊबदार वारा सोडणारा हीट पंप बसवायचा. या हिवाळ्यात घर गरम राहिलं तर ठीक, नाहीतर सप्टेंबरात आईने ब्रिस्बेनला यायचं. त्याच्या आणि त्याची बायको डियानच्या घरामागे एक खोली रिकामी होती. तिच्या खिडकीतून शेजाऱ्याचा पोहण्याचा तलाव दिसायचा. ऊनाने ती खोली एकदा पाहिली होती आणि दुसऱ्यांदा बघायची तिला इच्छा नव्हती.

विरेमूने थर्मोस्टॅटची बटणं दाबत डॉक्टरसारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“उठता कधी?”

“उजाडायच्या आधी.”

“बाहेर कधी जाता?”

“गुरुवारी. बेरिलबरोबर, हॉलमध्ये बोल्स खेळायला. हे त्याला कशाला हवं?”

“तुम्ही नसताना उगाच तापवत बसायला नको म्हणून. बरं, आता हे सांगा. हा नुसती ऊब देऊ शकतो, नुसता गारवा देऊ शकतो, नाहीतर आपोआप. आपोआप म्हणजे तुम्ही वीस सांगितलं की वीसच ठेवणार. गार झालं की तापवेल, तापलं की गार करेल.”

“आपोआपच कर. मला बोट लावायला नको.”

“लॅचीला फोनवर आकडा दिसेल, चालेल ना? त्याने तसं करून घ्यायला सांगितलंय.”

“कसला आकडा?”

“इथला. पॅसेजमध्ये किती गरम आहे तो.”

“दिसू दे. मी काही चोरी करत नाही.”

यंत्र मागच्या अंगणात घुमू लागलं. प्रत्येक खोलीच्या जमिनीतल्या जाळीतून ऊबदार वारा आला. ऊनाने स्टॉकिंग घातलेला पाय जाळीवर धरला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

पण विरेमूची गाडी टेकडी उतरली नाही तोच ती उठली आणि घरभर फिरून आली. त्या भागात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला बोलता यायच्या आधी एक वाक्य ऐकू येतं, दार लाव. एक खोली, एक चूल, आणि चारी बाजूंनी बंद दारं. दार उघडं राहिलं की, तंबूत जन्मलास का, हे तर तिने लॅचीला इतक्या वेळा विचारलं होतं की एकदा त्याने गंभीरपणे हो म्हटलं होतं. तिने बैठकीच्या खोलीचं दार लावलं. तिथे पाद्रीबुवा येतात तेव्हाच कुणी बसायचं, म्हणून तिथल्या जाळीवर गालिचा ओढला. दिवसा झोपायच्या खोलीत कोण असतं? तिथल्या जाळीवर उशी ठेवली. लॅचीच्या जुन्या खोलीतल्या जाळीवर शिवणयंत्राची पेटी. मग स्वयंपाकघरात येऊन दार लावलं, कोळशाच्या चुलीत दोन ढेकळं टाकली आणि समाधानाने विणकाम हातात घेतलं. एवढा महाग वारा रिकाम्या खोल्यांवर कोण उधळेल?

स्वयंपाकघर भट्टीसारखं झालं. फोन वाजला.

“आई, तेरा,” लॅची म्हणाला.

“काय तेरा?”

“घरात तेरा अंश आहेत.”

“अरे, मी नुसत्या ब्लाउजवर बसलेय. घाम पुसतेय.”

“फोन तेरा म्हणतोय.”

“मग तुझ्या फोनला काहीतरी झालंय.”

दुसऱ्या दिवशी बारा झाले. मग चौदा, मग पुन्हा बारा. जुलै लागला, खाडीवरून दक्षिणेचा वारा सुटला आणि लॅचीच्या आवाजात एक मऊपणा आला. तो रागावला असता तर तिने दोन ऐकवली असती. पण तो म्हणाला, डियानने त्या खोलीला नवा रंग काढलाय, फिकट निळा, तुला आवडतो तसा. फोन ठेवल्यावर ऊनाला चहाची चव लागेना.

त्या बुधवारी दुपारी ती पॅसेजमध्ये जाऊन त्या साबणाच्या वडीपुढे उभी राहिली. तेरा. तिने त्यावर हात ठेवला. काही झालं नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली, किटलीतलं पाणी गरम पाण्याच्या पिशवीत ओतलं, बूच घट्ट पिळलं. पिशवीचं हिरवं लोकरी झबलं तिनेच विणलेलं होतं, लॅची आठ वर्षांचा असताना. त्या हिवाळ्यात त्याला फार ताप यायचे आणि बहुतेक ताप शाळेत चिखलातली पळण्याची शर्यत असेल त्याच दिवशी यायचे. तिने बॅरोमीटर उतरवून कपाटावर आडवा ठेवला आणि त्याच्या खिळ्याला झबल्याची नाडी अडकवली. पिशवी बरोबर थर्मोस्टॅटच्या तोंडावर बसली.

चहा पिऊन परत येऊन बघते तो सव्वीस. थोड्या वेळाने एकतीस. तिला स्वतःचीच जरा भीती वाटली, पण तिने दार लावून घेतलं.

संध्याकाळी लोकर आणायला ती झोपायच्या खोलीत गेली. उशीच्या कडेने वारा येत होता. तिने वाकून हात धरला आणि झटकन मागे घेतला. मासळी बाजारातल्या बर्फाच्या खोलीतून यावा तसा वारा होता. रांगत-रांगत तिने बाकीच्या जाळ्या तपासल्या. घरभर तोच प्रकार.

तिने फोन केल्यावर विरेमू सकाळी आला. बूट काढून पॅसेजमध्ये शिरला आणि थबकला. पिशवी आता गार होऊन लोंबत होती. काढायची राहूनच गेली होती.

“याला ताप आला होता का, मावशी?”

ऊनाने एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते.

“आकडा वाढत नव्हता.”

“वाढला की मग. एकतीस झाल्यावर याला वाटलं, बाई उकाड्याने हैराण झालीय. लागला बिचारा घर गार करायला. तुम्हीच म्हणालात ना, आपोआप.”

तो हसला नाही, पण बटणं दाबताना त्याचे खांदे हलत होते. त्याने ‘आपोआप’ काढून ‘फक्त ऊब’ केलं. मग तो एकेका खोलीत गेला. गालिचा, उशी, शिवणयंत्र. परत आला तेव्हा हसू ओसरलं होतं.

“स्वयंपाकघर सोडून सगळ्या जाळ्या बुजवल्यात तुम्ही.”

“ज्या खोलीत माणूस नाही तिथे कशाला?”

“मावशी, ही चूल नाही. हिला वारा सोडायला जाळ्या लागतात आणि तोच वारा परत ओढून घ्यायला ही पॅसेजमधली मोठी जाळी. दारं बंद केलीत तर तो परत येणार कुठून? आणि हा इथे बसलेला, याला स्वयंपाकघर माहीतच नाही. तो पॅसेजमध्ये राहतो, पॅसेजचंच सांगतो.”

“दारं उघडी ठेवली तर ऊब जाईल.”

“कुठे जाईल?”

“बाहेर.”

“बाहेरचं दार नाही म्हणत मी. आतली. ऊब स्वयंपाकघरातून निघाली तर बैठकीत जाईल. बैठक कुणाची आहे?”

बैठकीचं दार विरेमूने उघडलं तेव्हा ऊना जागची हलली नाही, पण उरलेल्या खोल्यांची दारं तिने स्वतः उघडली. दारं उघडी राहायला काहीतरी लावायला हवं होतं म्हणून अ‍ॅलेकचे रबरी बूट आणून एकेका दारात एकेक ठेवला.

“लॅचीला सांगू नकोस,” ती म्हणाली.

“मी कशाला सांगतो?” विरेमू हत्यारं गोळा करत म्हणाला. मग जरा थांबून, “पण मावशी, फोनमध्ये मागचे सगळे आकडे राहतात. त्याने बघितलं तर बघितलं.”

पुढचे दिवस ऊनाने पाहुण्याच्या घरात राहावं तसे काढले. हात आपोआप दाराकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची. आकडा पंधरा झाला, सतरा झाला, आणि शनिवारी वीसवर जाऊन तिथेच बसला. बोल्सची मैत्रीण बेरिल डोकावली आणि चीज रोलचं ताट हातात घेऊन पॅसेजमध्येच उभी राहिली.

“हे घर आहे का रेल्वे स्टेशन? या टोकाकडून त्या टोकाचं दिसतंय.”

“दिसू दे.”

“तीती शिजवलेस वाटतं. तुझ्या बैठकीच्या पडद्यांना वास येतोय. आता पाद्रीबुवा आले की त्यांना भूक लागेल.”

“बस ना. बडबड नको.”

“कुठे बसू?”

ऊनाने क्षणभर विचार केला आणि ताट बैठकीत नेऊन ठेवलं. दोघी कोट न घालता तिथे बसल्या, खिडकीतून खाडी बघत. स्वयंपाकघरातून खाडी दिसत नाही.

पण आतून ऊनाला चैन नव्हतं. खोटं पकडलं गेलं तर पुढे कुठल्याच आकड्यावर लॅची विश्वास ठेवणार नव्हता, आणि त्यात चूक काय होती? रविवारी फोन वाजला तेव्हा तिने तो लगेच उचलला नाही.

“कशी आहेस?” लॅची म्हणाला.

“बरी आहे. वीस आहे आज. कालही होतं.”

“बघितलं मी. छान आहे.” मग तो थांबला. ब्रिस्बेनकडचा कुठलासा पक्षी मागे ओरडत होता. “आई, बुधवारी दुपारी पॅसेजमध्ये एकतीस अंश होते.”

“असं?”

“रिव्हर्टनात. जुलैमध्ये.”

ऊनाने फोनच्या वायरचा वेढा बोटाला दिला, सोडला, पुन्हा दिला.

“एकतीस म्हणजे जास्तच,” ती अखेर म्हणाली.

“जास्तच.”

मग लॅचीने घसा साफ केला. पुढचं वाक्य तो जरा जाड आवाजात, कुणाची तरी नक्कल करावी तसा बोलला.

“बरं. मग घरीच राहा.”

त्याने डियानचा नमस्कार सांगितला, पावसाबद्दल काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला. ऊना तशीच उभी राहिली. आधी तिला ‘घरीच’ या शब्दाचा नुसता अर्थ कळला आणि ती खुर्चीवर टेकली. मग तो आवाज कुणाचा होता ते तिला उमगलं. आठ वर्षांचा पोरगा पांघरुणात, गाल कोरडे, आणि हातात एकशे आठ दाखवणारा थर्मामीटर. तिने पारा बघितला होता, पांघरुणाखालून डोकावणारं हिरवं झबलं बघितलं होतं, आणि हे एवढंच वाक्य म्हणून त्याच्यासाठी पिकलेटची छोटी गोड धिरडी भाजायला निघून गेली होती.

तिने स्वयंपाकघरातल्या खुंटीवरची पिशवी काढली, झबलं मांडीवर घेऊन त्याच्या सुरकुत्या हाताने नीट केल्या, आणि पुन्हा लटकवली. बॅरोमीटर आपल्या खिळ्यावर परत गेला.

ऊना त्याच घरात आणखी सहा हिवाळे राहिली, दारांत रबरी बूट लावून. बैठक रोजची झाली आणि पाद्रीबुवांना स्वयंपाकघरात बसावं लागलं. शेवटच्या सप्टेंबरात ती खाडीकडे तोंड करून, खुर्चीतच गेली. बेरिलने दुसऱ्याच वर्षी हीट पंप बसवून घेतला आणि ऊनाला तो सुचवला आपणच, असं ती अजून सांगते. विरेमूचे गुडघे गेले, त्याने घरांच्या जमिनीखाली शिरून नळ्या बसवायचं काम सोडलं, पण एप्रिलमध्ये तो बेटांवर जातोच. अ‍ॅलेकचा बॅरोमीटर आता त्याच्या घरी आहे आणि निघण्याआधी तो त्याच्या काचेवर टिचकी मारतो.

लॅचीने घर एका तरुण जोडप्याला विकलं. सामानातून फारसं काही आणलं नाही. पिशवीचं रबर चिरलं होतं, ती टाकून दिली. हिरवं झबलं मात्र त्याच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकतं. हे ठेवलंय कशाला, असं ब्रिस्बेनच्या उकाड्यात डियान त्याला मधूनमधून विचारते.

“ताप आला तर,” तो म्हणतो.