साधी गाठ

विमलाच्या खालच्या जबड्याला उजवीकडे सूज आली ती शहाऐंशीच्या पावसाळ्यात. ती दुखत नव्हती, पण दाबली तर दगडासारखी लागे. दातांच्या डॉक्टरने एक दाढ काढली, महिन्याने दुसरी. सूज होती तशीच. तिसरीसाठी त्याने चिमटा उचलला, तेव्हा कारापूरच्या शाळेतली ही शिक्षिका खुर्चीतून उठून घरी आली.

"दोन बरे दात गेले माझे," ती नवऱ्याला म्हणाली. "कित्याक गेले, ता कोणी सांगूक नाय."

जयरामने तिला पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. एक्स-रेत हाडातच गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला गेला. पंधरा दिवसांनी कळलं, तुकडा अपुरा होता. कर्करोग नाही, असं त्यावरून सांगता येत नव्हतं.

दुसरा तुकडा काढायची तारीख डिसेंबरात मिळाली. त्या दिवशी राजभाषा कोंकणी की मराठी, या आंदोलनाने रस्ते अडवलेले. डिचोलीच्या पुढे आडव्या झाडापाशी बस थांबली. जयराम उतरून विनवू लागला, तेव्हा एकाने विचारलं, "तुमी मराठीवाले काय कोंकणीवाले?"

विमला खिडकीतून म्हणाली, "ही सूज खंयच्या भाशेंत दाखोवची?"

झाड काही हललं नाही. दोघं चालत परतली. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तेवढे दिवस जयराम "काही नसेल गो" म्हणत राहिला. शेवटी तिने त्याच्याशी बोलणंच सोडलं.

दुसऱ्या तपासणीनंतर इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ साधी आहे. कर्करोग नाही."

जयरामने हात जोडले. विमला म्हणाली, "मग औषध द्या."

"औषधाने जाणार नाही. ती वाढतच राहील. जबड्याचा तेवढा भाग काढावा लागेल."

"साधी म्हणता आणि हाड काढता?"

"साधी म्हणजे अंगात दुसरीकडे पसरत नाही. जिथे आहे तिथलं हाड मात्र ठेवत नाही."

मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. गोवा राज्य झालं त्या दिवशी वॉर्डात पेढे वाटले. विमला नळीने पेज घेत होती. शेजारणीने तिचा पेढा उशाशी ठेवला. विमलाने तो जयरामला दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

जूनमध्ये ती वर्गात उभी राहिली. गाल आत गेलेला, ओठाचा एक कोपरा बधिर, 'प' आणि 'ब' नीट उमटेनात. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. ती त्याला रागावली नाही. पुस्तक उघडून धडा वाचला, मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला.