चार नंबरचा कोट

ताईचं लग्न ऐन थंडीत ठरलं, त्यामागे कुणाचा काही विचार होता असं समजू नका. आमच्या घरात विचार करायची पद्धत नाही. त्या आठवड्यात हॉल रिकामा होता, म्हणून घेतला. तो रिकामा का होता हे आत पाय ठेवल्यावर कळलं. खिडक्या घट्ट लावायच्या आणि थंडी आत कोंडून ठेवायची, अशी तिथली एकंदर व्यवस्था होती.

नवरा मुलगा विमा कंपनीच्या ऑफिसात होता. माणूस चांगला. म्हणजे त्याच्याविषयी बोलायला दुसरं काही सापडेना, तेव्हा सगळे 'चांगला' म्हणायला लागले. कुणी काहीही म्हटलं की तो 'हो' म्हणायचा. चहा घेणार? हो. की कॉफी? हो. काहीच नको ना? हो. मी त्याचं नाव होयबा ठेवलं, आणि आठवड्याभरात आईच्या तोंडातूनही तेच निघायला लागलं. ताईला विचारलं, ह्याच्यात काय पाहिलंस? ती म्हणाली, "भांडत नाही." भांडत तर स्टूलही नाही. पण हे मी तिला बोललो नाही, कारण ती भांडते.

खरा घोळ मात्र बाबांनी घातला. बाबा शिंपी आहेत, पण फक्त गणवेशांचे. रखवालदार, लिफ्टमन, हॉटेलच्या दारातले सलाम ठोकणारे, असे सगळे त्यांचं गिऱ्हाईक. गणवेश मापावर शिवत नाहीत, नंबरावर शिवतात, एक ते सहा. त्यामुळे बाबांनी तीस वर्षांत कुणाला टेप लावलेली नाही. माणूस दारातून आत आला की ते मनात नंबर लावून मोकळे. आई दोन, मी तीन पण बाह्या आखूड, शेजारचे दातांचे डॉक्टर साडेपाच. होयबा पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाकीचे त्याचं शिक्षण विचारत होते. बाबा एकच शब्द बोलले, "चार." होयबा म्हणाला, "हो."

आणि बाबांनी जाहीर केलं की जावयाचा लग्नातला कोट ते स्वतः शिवणार.

"अहो, तुम्ही कोट कधी शिवलाय?" आई म्हणाली.

"तीस वर्षं काय शिवतोय?"

"तो वेगळा."

"दोन बाह्या, एक कॉलर. वेगळं काय त्यात?"

लग्नाला चार दिवस असताना कोट तयार झाला. गडद निळं, जाड, टिकाऊ कापड. होयबाला घरी बोलावून तो चढवला आणि आम्ही सगळे पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभे राहिलो. दोन्ही खांद्यांवर पट्ट्या होत्या. डाव्या खिशावर नावाची पाटी लावायला चीर होती. उजव्या खिशाच्या वर शिट्टीची दोरी अडकवायचा फास होता. कमरेला, डाव्या अंगाला, काठी अडकवायची पट्टी होती. बाबांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. डोकं कोट शिवत होतं आणि हात आपलं नेहमीचं काम करत होते.

मग आई म्हणाली, "उबदार दिसतोय."

"आवडला ना जावईबापू?" बाबांनी विचारलं.

"हो," होयबा म्हणाला.

ताईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "तो कोट लग्नात दिसता कामा नये."

"मग त्यांना सांग."

"मी नाही सांगणार. तू हरव."

"कोट कसा हरवणार? तो काय रुमाल आहे?"

"दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकतोस ना? ही माझी तक्रार. निवारण कर."

मी फ्रिजच्या कंपनीत फोनवर तक्रारी घेतो. थंडीत फ्रिजची फारशी तक्रार नसते, म्हणून मला रजा मिळाली होती, आणि रजेत हे काम. कोट हरवायचं धाडस झालं नाही. दुपारी बाबा बटणं आणायला गेले असताना मी दुकानात बसून ब्लेडने पट्ट्या, फास आणि नावाच्या चिरेची शिवण उसवली. दोन तास लागले. संध्याकाळी बाबांनी सगळं परत शिवलं, या खेपेला दुहेरी टाका घालून. रागावले नाहीत. मशीनवरून मानही वर न करता म्हणाले, "उसवताना ब्लेड आडवं नाही धरायचं. कापड दुखावतं."

मी ब्लेड परत खणात ठेवलं.

"हे बघ," ते म्हणाले, "मी शिवलेलं आजवर जे कुणी घातलं, ते नोकरी म्हणून घातलं. सुट्टी झाली की आधी काढून खुंटीवर फेकतात. फेकू देत, त्यांचंही बरोबर आहे. पण एकाने तरी ते आपल्या आनंदाच्या दिवशी अंगावर ठेवावं. रजिस्टरवर सही होईपर्यंत. तेवढंच."

मी म्हटलं, "पण काठीची पट्टी तरी?"

"त्याने कोट अंगावर सरळ बसतो," बाबा म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाचे मामा त्याला घेऊन आमच्याकडे आले. यांचं बाथरूमच्या फरश्यांचं दुकान होतं आणि जगातली प्रत्येक गोष्ट चकाकते की नाही एवढं एकच त्यांना कळत होतं. स्वतःचं टक्कलसुद्धा त्यांनी त्या दर्जाचं ठेवलं होतं. होयबाच्या घरात भाजी कुठली करायची इथपासून कुणी कुणाशी बोलायचं इथपर्यंत सगळं हेच ठरवत, आणि ते होयबाच्या आईला चालत असे, कारण तीही मूळची होयबाच. घराण्यात वारसा असतो एकेक.

फरशीमामांनी कोट चिमटीत धरून उचलला, मेलेला उंदीर धरतात तसा.

"हा कुणी दिला?"

"मीच शिवलाय," बाबा म्हणाले.

"अच्छा," मामा म्हणाले, आणि या एका शब्दात त्यांनी बाबांचं दुकान, मशीन आणि तीस वर्षं गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. मग बाहेर येऊन अंगणात, बाबांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात ते भाच्याला म्हणाले, "उद्या हॉलवर येईपर्यंत घाल हवं तर, म्हाताऱ्याचं मन राहील. मी तुझ्यासाठी नवीन कोट घेतलाय, खोक्यात आहे. सह्यांच्या आधी बदलायचा. कॉलर बघशील तर तोंड दिसेल तुझं त्यात. कळलं?"

"हो," होयबा म्हणाला.

आत आल्यावर बाबांनी त्याला विचारलं, "सही होईपर्यंत अंगावर ठेवाल ना?"

"हो."

मी दोन्ही 'हो' ऐकले. माणसाच्या शब्दाला किंमत असते म्हणतात. याचे शब्द घाऊक होते.

लग्नाच्या सकाळी एवढी थंडी होती की हॉलच्या मॅनेजरने स्वागताला ठेवलेली फुलंसुद्धा अंग चोरून बसली होती. बाबा पहाटेच होयबाच्या घरी जाऊन स्वतःच्या हाताने त्याला कोट चढवून, वरचं बटण लावून, घेऊन आले. वेळ होती. होयबाच्या आईने त्याला सांगितलं, जरा दाराशी उभा राहा, पाहुण्यांचं स्वागत कर. तो हो म्हणाला आणि हॉलच्या मोठ्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

इथे बाबांच्या हातांनी आपलं काम सुरू केलं.

पहिली आली ती आमची आत्या. तिने होयबाला एकदाच, अंधुक फोटोत, पाहिलं होतं. ती त्याला म्हणाली, "अहो, चपला कुठे काढायच्या?" होयबाने हात करून दाखवलं. तिच्या मागून दातांचे डॉक्टर आले. त्यांनी गाडीची किल्ली होयबाच्या हातात ठेवली आणि "सावलीत लावा" म्हणून आत निघून गेले. एवढ्या थंडीत सावली मागणाऱ्या माणसाकडे मी कधीच दात काढणार नाही. होयबा किल्लीकडे पाहत राहिला. तेवढ्यात एक लांबलचक गाडी थेट पायऱ्यांना येऊन भिडली.

"इथे नाही लावायची," होयबा म्हणाला.

मला वाटतं हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं 'नाही' असावं. मी शेजारीच होतो. ते तोंडातून निघाल्यावर तो स्वतःच जरा दचकला, आणि गाडीवाला आता शिव्या देईल म्हणून त्याने खांदे आत घेतले. पण गाडीवाल्याने त्याच्या खांद्यांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं, "सॉरी, सॉरी" म्हटलं, आणि गाडी मागे घेतली.

होयबाने खांदे हळूहळू बाहेर काढले. पट्ट्या बरोबर जागेवर बसल्या. चार नंबरच होता तो.

पुढची वीस मिनिटं मी असं काही पाहिलं की माणूसजातीबद्दलचं उरलंसुरलं मत खाली आलं. पाच वर्षं विमा ऑफिसात ज्याला शिपाईही पाणी देत नव्हता, त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर सत्तर माणसं रांगेत आली. कर्नलसारख्या मिशांचे त्याचे चुलते त्याला "आत जाऊ का?" म्हणून विचारत होते. सख्ख्या पुतण्याला. चेहरा कुणी पाहतच नव्हतं, सगळे कापडाशी बोलत होते.

मग फरशीमामा आले, काखेत चपटं खोकं घेऊन. ते थेट आत घुसायला लागले, आणि होयबाने हात आडवा घातला.

"खोक्यात काय आहे?"

"अरे, कोट. चल, त्या खोलीत बदलून घे पटकन."

"बाहेरचं सामान आत न्यायचं नाही."

मामा हसले. "गंमत पुरे. चल."

"पत्रिका आहे?"

"कसली पत्रिका? मी मामा आहे तुझा."

"सगळे असंच सांगतात," होयबा म्हणाला.

मामांची टाळू लाल झाली. त्यांनी मला हाक मारली. मी तक्रारी ऐकायच्या आवाजात म्हणालो की तुमची अडचण समजली, थोडा वेळ थांबा. मग त्यांनी हॉलच्या मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर हा वीस वर्षं हॉल सांभाळलेला माणूस. भांडण दिसलं की तो आधी कपडे बघायचा. त्याने एकीकडे चकाकणारं टक्कल पाहिलं, दुसरीकडे खांद्यावरच्या पट्ट्या.

"साहेब, ड्यूटीवरच्या माणसाशी वाद घालायचा नाही," तो मामांना म्हणाला.

"अहो, हा ड्यूटीवर नाही. हा नवरा आहे."

"तेही असू शकेल," मॅनेजर म्हणाला. "पण खोकं बाहेर."

तेवढ्यात आतून हाक आली, नोंदणीचे साहेब आलेत, सह्या करायच्यात. होयबाने डॉक्टरांची किल्ली मॅनेजरच्या हातात दिली, "यांच्यावर लक्ष ठेवा" म्हणून सांगितलं आणि तो ताठ पावलांनी आत गेला. मॅनेजरने खरंच दार लावून घेतलं.

आत विवाह नोंदणीचे साहेब होयबाला म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा, नवरदेवाला पाठवा." होयबा म्हणाला, "नाही. मीच तो." ताई त्याच्याकडे बघायला लागली. पत्रिका छापल्यापासून तिने त्याच्याकडे असं पाहिलेलं नव्हतं. त्याने सही केली. साहेबांनी साक्षीदार मागितले तर याने बोटाने दोघांना उठवलं आणि ते उठलेही. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी एकदाही त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ते कॉलर मानेवर कशी बसली आहे ते पाहत होते, आणि कॉलर सही होईपर्यंत तिथेच राहिली.

खिडकीतून बाहेर फरशीमामा दिसत होते. थंडी आवरेना म्हणून त्यांनी अखेर खोकं उघडून नवा कोट स्वतःच घातला होता. त्यांना तो दोन नंबर लहान होता. आत सोडा म्हणून ते काचेवर टकटक करत होते आणि आमची आत्या त्यांना खुणेने सांगत होती की आम्हाला काही विकत घ्यायचं नाही.

आठवड्याभराने ताई आणि होयबा आमच्याकडे जेवायला आले. होयबा साध्या स्वेटरवर होता. आईने विचारलं, भात वाढू? हो. पोळी देऊ? हो. की पुरे झालं? हो. बाबा जेवता जेवता थांबले.

"कोट कुठे आहे?"

"धुवायला टाकलाय," ताई म्हणाली. "परवापर्यंत अंगावर होता. ऑफिसात घालून गेले तर साहेबाने उठून खुर्ची दिली. मामा घरी आले तर त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. मग काल तो धुवायला टाकला, आणि संध्याकाळी मामांचा फोन आला की त्यांच्याच घरी राहायला या, वरचा मजला रिकामा आहे."

"मग?"

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भाताकडे पाहिलं.

"मग काय, हो म्हणाले."

आई पोळी हातात धरून तशीच उभी राहिली. मला हसू येत होतं, पण ताईला वरच्या मजल्यावर, फरशीमामांच्या टकलाखाली, जन्म काढायचा होता हे आठवून मी पाणी प्यायलो.

"बाबा," ताई म्हणाली, "आणखी एक शिवाल? एक धुवायला गेला की दुसरा अंगावर हवा."

बाबांनी ताट बाजूला सारलं. लग्नात होते त्यापेक्षा ते जास्त खुश दिसत होते, आणि ते लपवायला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"ते निळं कापड संपलं," ते म्हणाले. "आता खाकीच आहे."

ताईने क्षणभर विचार केला.

"खाकी चालेल," ती म्हणाली. "आणि फोन रात्री कधी येईल सांगता येत नाही. पायजमेही दोन करा त्यातच."

"हो," होयबा म्हणाला.